न विचारतां आलेलीं बिऱ्हाडें

गेल्या भाऊबीजेस, म्हणजे २०२५ च्या कार्तिकांत, आमच्या हातून एक प्रमाद घडला. तो वाचकांपुढें मांडावा कीं मांडूं नये याविषयीं आमचें मन बरेच दिवस द्विधा होतें. जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांतील चुकांखालीं तांबडी रेघ ओढणाऱ्यास स्वतःची चूक चारचौघांत सांगणें जड जातें, हें आम्ही प्रांजलपणें कबूल करितों. परंतु ज्या वस्तूच्या पायीं हा प्रमाद घडला ती वस्तु आज आमच्या बहुतेक वाचकांच्या खिशांत व वाचक-भगिनींच्या पर्समध्यें आहे. पुढच्यास ठेंच लागली म्हणजे मागचा शहाणा होतो. तेव्हां संकोच सोडून लेखणी उचललेलीच बरी, असें आम्हीं ठरविलें.

आमची थोरली बहीण वाईस असते. घरांत आणि आळींत तिला सर्व अक्का म्हणतात. वय वर्षें ७४. यजमान निवर्तल्यापासून जुन्या घरांत ती एकटीच राहते. चिरंजीव नोकरीनिमित्त बंगलोरास आहेत. त्यांनींच दोन वर्षांपूर्वीं तिला एक स्मार्टफोन आणून दिला. फार भारी नव्हे. दहा हजारांच्या आंतबाहेरचा. नातवाचें तोंड दिसावें, तिथि-वार पाहतां यावा, रात्रीं झोंप न आल्यास एखादें कीर्तन ऐकतां यावें, एवढीच तिची अपेक्षा. अक्कानें तें यंत्र मोठ्या हौसेनें शिकून घेतलें. एका बोटानें एकेक अक्षर शोधून मराठी लिहिण्यापर्यंत तिची मजल गेली, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटे.

आश्विनांत एके सायंकाळीं आम्हीं नित्याप्रमाणें तिला फोन लावला, तों तो बंद. दुसऱ्या दिवशींही बंद. शेजारच्या बिऱ्हाडीं विचारलें, तेव्हां "अक्का बऱ्या आहेत, पण फोन नको म्हणतात," असें उत्तर आलें. आम्हांस चैन पडेना. सकाळची एस. टी. धरून साताऱ्याहून वाईस गेलों. पाहतों तों फोन एका जुन्या पंचाच्या तुकड्यांत गुंडाळून देव्हाऱ्याखालच्या फडताळांत ठेवलेला, आणि अक्काचा चेहरा उतरलेला.

"अरे नाना, मीं कोणापाशीं कर्ज मागितलें नाहीं रे," ती म्हणाली. "आणि हा मेला रोज सांगतो, तुमचें पन्नास हजारांचें कर्ज मंजूर झालें म्हणून. माझ्या नांवावर कोणी काढलें असेल तर? हें घर जाईल का रे?"

दोन रात्री तिच्या डोळ्यास डोळा लागला नव्हता. आम्हीं फोन उघडून पाहिला. एक सूचना कर्जाची; दुसरी, 'आपल्या फोनमध्यें अपायकारक फायली आहेत, ताबडतोब साफ करा' अशी; तिसरी पैसे लावून खेळावयाच्या कसल्याशा खेळाची; चौथी साड्यांवरील सवलतीची. या सूचना पाठविणारें एकही ॲप अक्कानें स्वतः घेतलेलें नव्हतें. तीं सर्व फोनबरोबर खोक्यांतूनच घरांत शिरलीं होतीं. कोणीं कर्ज काढलें नव्हतें, यंत्रांत कांहीं बिघडलें नव्हतें. तो सारा जाहिरातींचा खेळ होता. परंतु छापील अक्षरांत आलेला प्रत्येक मजकूर सरकारी कागदासारखा खरा मानणारी पिढी अजून आपल्या घरोघरीं आहे. तिच्या उशाशीं अशी जाहिरात रात्रंदिवस ठेवली म्हणजे काय होतें, तें त्या दिवशीं आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. "भाऊबीजेला येईन, तेव्हां ओवाळणीबरोबर हा फोनही निर्मळ करून देईन," असें वचन देऊन आम्ही परतलों.

मधल्या दिवसांत आम्हीं या विषयाचा विद्यार्थ्याप्रमाणें अभ्यास केला. आमच्या हाताखालून गेलेला एक मुलगा साताऱ्यांत मोबाइल-दुरुस्तीचें दुकान चालवितो. त्याच्या बाकावर बसून गुरूनें शिष्याकडून धडे घेतले. त्या अभ्यासाचें सार वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देतों.

पहिला प्रश्न असा कीं, हीं न मागितलेलीं ॲप्स फोनांत येतातच कां? उत्तर सोपें आहे. स्वस्त फोन विकून उत्पादकाच्या पदरीं फारसें पडत नाहीं. शाओमी या चिनी कंपनीनें तर २०१८ सालीं जाहीरच केलें कीं, यंत्रांवर निव्वळ नफा शेंकडा ५ हून अधिक घ्यावयाचा नाहीं. मग पोट कशावर भरावयाचें? तर जाहिराती व इंटरनेटवरील इतर सेवा यांच्या उत्पन्नावर. कित्येक ॲपवाले आपलें ॲप नव्या फोनांत आधींच भरलेलें असावें म्हणून उत्पादकास पैसे मोजतात. म्हणजे घर आपण विकत घ्यावयाचें आणि त्यांतील खोल्यांचें भाडें मात्र बांधणाऱ्यानें परस्पर घ्यावयाचें, असा हा व्यवहार आहे.

दुसरें कारण त्याहून मोठें आहे. बहुतेक फोन ज्या अँड्रॉइड नामक प्रणालीवर चालतात तिचा मूळ सांगाडा गूगलनें कोणासही फुकट वापरूं दिलेला आहे. परंतु प्ले स्टोअर ही त्यांची ॲप्सची बाजारपेठ हवी असेल, तर तिच्याबरोबर इतरही कांहीं ॲप्स घेतलींच पाहिजेत, अशी अट ते उत्पादकांवर घालीत आले. यावरूनच युरोपीय आयोगानें जुलै २०१८ मध्यें गूगलला ४३४ कोटि युरो दंड ठोठावला. २०२२ सालीं तेथील न्यायालयानें तो किंचित् कमी करून ४१२.५ कोटींवर आणला, पण मूळ ठपका बहुतांशीं कायम ठेवला.

आतां दुसरा प्रश्न. आलेलीं ॲप्स काढतां कां येत नाहींत? येथें फोनच्या पोटांतील रचना थोडी समजून घ्यावी लागते. फोनमधील साठवणीचे मुख्यतः दोन भाग असतात. एकांत ती प्रणाली स्वतः राहते. हा भाग कारखान्यांतच भरून कुलूपबंद केलेला असतो. तो फक्त वाचतां येतो, त्यांत मालकालाही फेरफार करतां येत नाहीं. दुसरा भाग मालकाचा. आपले फोटो, आपलीं पत्रें, आपण घेतलेलीं ॲप्स त्यांत राहतात. जुन्या वाड्याचा दृष्टांत घ्या. ओसरीवर ठेवलेलें कपाट नको झालें तर उचलून बाहेर काढतां येतें. परंतु भिंत बांधतांनाच तींत सोडलेला कोनाडा उचलून बाहेर कसा काढणार? फार तर त्याला दार लावून तो बंद करतां येईल. फोनबरोबर आलेलीं कांहीं ॲप्स कपाटासारखीं असतात, कांहीं कोनाड्यासारखीं. प्रथम तें ओळखावें.

ओळखण्याची रीति अशी. ॲपच्या चित्रावर बोट थोडा वेळ दाबून धरावें. 'अनइन्स्टॉल' हा शब्द दिसला तर तें कपाट समजावें; तो दाबला कीं ॲप जातें. तो न दिसल्यास सेटिंग्जमध्यें जाऊन ॲप्सच्या यादींत त्याचें नांव उघडावें. तेथें 'डिसेबल' असा पर्याय मिळाला तर कोनाड्यास दार लावण्याची सोय आहे. ही सोय अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे २०११ पासून आहे. आयफोनवाल्यांस घरचीं ॲप्स हलविण्याची मुभा २०१६ सालच्या दहाव्या आवृत्तीपासून मिळाली.

डिसेबल केलेलें ॲप दिसत नाहीं, चालत नाहीं, सूचना पाठवीत नाहीं. पण त्याची मूळ प्रत त्या कुलूपबंद भागांत तशीच पडून राहते. आमच्यासारख्या व्याकरणाच्या विद्यार्थ्यास हें समजावयास कठीण नाहीं. पाणिनीच्या शास्त्रांत वर्णाचा लोप झाला म्हणजे तो वर्ण दिसेनासा झाला एवढेंच समजतात. त्याचें कार्य कित्येकदां मागें उरतेंच. डिसेबल म्हणजे नाश नव्हे, लोप होय. म्हणून 'इतकीं ॲप्स बंद केलीं, तरी जागा तितकी मोकळी कां होत नाहीं?' असें कोणीं विचारल्यास त्याचें उत्तर हेंच. नंतर चढविलेल्या सुधारित आवृत्तीनें व्यापलेली जागा परत मिळते. मूळ प्रतीची मिळत नाहीं.

कांहीं ॲप्स अशीं चिवट असतात कीं, तेथें अनइन्स्टॉलही नाहीं आणि डिसेबलही फिकें करून ठेवलेलें. त्यांस निदान मुकें करतां येतें: त्याच पानावर सूचना बंद कराव्या, दिलेल्या परवानग्या काढून घ्याव्या, पाठीमागें गुपचूप इंटरनेट वापरण्याची मुभा रद्द करावी. याहून पुढची वाट संगणकाची आहे. सेटिंग्जमध्यें बिल्ड नंबरावर सात वेळां बोट टेंकलें म्हणजे विकसकांचे छुपे पर्याय उघडतात, त्यांतून यू. एस. बी. डिबगिंग चालू करून फोन तारेनें संगणकास जोडला कीं, ए. डी. बी. नांवाच्या साधनानें एकेक ॲप त्या वापरणाऱ्यापुरतें काढून टाकतां येतें. परंतु येथेंही मूळ प्रत जाग्यावरच असते. फोन पुन्हां कोरा केला कीं सारीं बिऱ्हाडें परत हजर. प्रणालीची नवी आवृत्ति आली म्हणजेही केव्हां केव्हां तोच अनुभव येतो. काम झाल्यावर डिबगिंग आठवणीनें बंद करावें. याच्याही पलीकडे जाऊन कुलूपच फोडण्याचा मार्ग आहे, त्यास 'रूट' करणें म्हणतात. पण त्यांत कंपनीची हमी जाण्याचा संभव असतो आणि बँकांचीं बरींच ॲप्स अशा फोनांत चालावयाचें नाकारतात. गृहस्थाश्रमी माणसानें त्या वाटेस जाऊं नये.

आणखी एक इशारा. अनोळखी नांवाचें तें सर्व निरुपयोगी, असें समजूं नये. 'सिस्टिम वेबव्ह्यू', 'प्ले सर्व्हिसेस', कळफलकाचें ॲप, फोन व संदेश यांचीं ॲप्स, मुख्य पडदा दाखविणारा 'लाँचर' हीं घराच्या तुळयांसारखीं आहेत. एखादी तुळई अडगळ म्हणून काढली तर छप्परच खालीं येईल.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? दोनचार चित्रें जास्त राहिलीं तर बिघडलें कोठें? यावर आमचें म्हणणें असें कीं, प्रश्न चित्रांचा नाहीं. २०१९ सालीं माद्रिद येथील संशोधकांनीं दोनशेंहून अधिक उत्पादकांच्या अँड्रॉइड फोनांत आधींच भरलेल्या ॲप्सची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतील कित्येक ॲप्स मालकाची माहिती गोळा करून तिऱ्हाइताकडे पोंचवितात आणि मालकास त्याची वार्ताही नसते, असें त्यांना आढळून आलें. घरांत अनोळखी बिऱ्हाड राहतें एवढेंच नव्हे, तर तें खिडकीशीं बसून आपल्याकडे कोण येतें, कोण जातें, याची टिपणें करितें, असा त्याचा अर्थ होतो.

म्हणूनच निरनिराळ्या देशांच्या सरकारांस यांत हात घालावा लागला. दक्षिण कोरियानें २०१४ सालींच अनावश्यक ॲप्स मालकाला काढतां आलीं पाहिजेत असा दंडक घातला. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टनें मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांवर तेंच बंधन लादलें. प्रणाली चालण्यास जीं अत्यावश्यक आहेत तींच काय तीं वगळलीं. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें गूगलला १३३७.७६ कोटि रुपये दंड केला आणि फोनबरोबर आलेलीं गूगलचीं ॲप्स काढण्यास मज्जाव करूं नये असेंही फर्माविलें. मार्च २०२३ मध्यें अपील न्यायाधिकरणानें दंड कायम ठेवला. परंतु ॲप्स काढूं देण्याविषयींची ती आज्ञा मात्र रद्द केली.

सरकारसुद्धां या मोहापासून सर्वस्वीं मुक्त नसतें. २८ नोव्हेंबर २०२५ रोजीं केंद्रीय दूरसंचार विभागानें उत्पादकांस अशी आज्ञा केली कीं, 'संचार साथी' हें सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनांत आधींच घालून द्यावें. हरवलेला फोन बंद पाडावयास, फसवणुकीची तक्रार करावयास तें ॲप खरोखर कामाचें आहे. तरीही देशांत गवगवा झाला, आणि ३ डिसेंबरला सरकारनें ती सक्ति मागें घेतली. वस्तु चांगली कीं वाईट हा एक प्रश्न. ती आमच्या घरांत आम्हांस न विचारतां ठेवावी काय हा दुसरा. हे दोन प्रश्न लोकांनीं वेगळे ओळखले, ही गोष्ट आम्हांस शुभलक्षण वाटते.

येथवर आमची विद्या. आतां तिचा प्रताप ऐका.

भाऊबीजेस आम्ही वाईस गेलों. अभ्यंग झालें, जेवण झालें, अक्कानें ओवाळलें. दुपारीं ती माजघरांत जरा आडवी झाली, आणि आम्ही चष्मा लावून ओसरीवरील झोपाळ्यावर तिचा फोन घेऊन बसलों. मोजलीं तों एकंदर ५१ ॲप्स. अक्का आमच्यासमोर वापरीत असे तीं फार तर नऊदहा. वार्षिक परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा समोर यावा तसा आम्हांस हुरूप चढला. कर्जाच्या सूचना पाठविणारी ती बाजारपेठ बंद केली. साफसफाईवाला गेला. खेळ गेले, दुकानें गेलीं. तासाभरांत १४ ॲप्स काढून टाकलीं आणि ९ डिसेबल केलीं. त्या १४ मध्यें एक पिवळ्या वहीच्या चित्राचें टिपणांचें ॲप होतें. तेंही फोनबरोबरच आलेलें. ७४ वर्षांच्या बाईस त्याचा काय उपयोग, असें आम्हीं मनाशीं म्हटलें. यंत्रानें इशारा दिला कीं, यांतील सर्व माहिती नष्ट होईल. विद्यार्थ्यांस 'प्रश्न नीट वाचा' असें आयुष्यभर बजावणाऱ्या आम्हीं तो इशारा अर्धवटच वाचला आणि 'ठीक' वर बोट ठेवलें.

संध्याकाळीं चहा घेतांना आम्हीं तो स्वच्छ पडदा मोठ्या अभिमानानें अक्कापुढें धरला. तिलाही आनंद झाला. कर्जवाला गेला म्हणून तिनें समाधानाचा सुस्कारा सोडला. मग पडदा इकडून तिकडे सरकवीत ती म्हणाली, "नाना, माझी पिवळी वही कोठें गेली रे?"

त्या पिवळ्या वहींत आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आम्ही लहान असतांना पहाटे दळतांना आई म्हणत असे त्या. आम्हांस त्यांचा नुसता सूर आठवतो; अक्काला शब्द आठवत. पण तेही सलग नव्हत. कधीं भाजी निवडतांना एखादी आठवावी, कधीं मध्यरात्रीं. आठवली कीं ती उठून एका बोटानें लिहून ठेवी. दीड वर्षांत अशा ४३ ओव्या जमल्या होत्या. कोणास सांगितलें नव्हतें. पन्नास पुऱ्या झाल्या म्हणजे आम्हांस दाखविणार होती.

आम्ही दुसऱ्याच दिवशीं फोन घेऊन साताऱ्यास आमच्या शिष्याकडे धांवलों. त्यानें प्रयत्नांची शिकस्त केली. तें ॲप पुन्हां आणून बसविलें. पण वही कोरी. अक्कानें कसलेंही खातें उघडलेलें नव्हतें, त्यामुळें दुसरीकडे कोठें प्रत असण्याचा संभव नव्हता. पुसलें तें पुसलें गेलें.

अक्का आम्हांस एक शब्दही बोलली नाहीं. "जाऊं दे रे," एवढेंच म्हणाली. "आईनें तरी कोठें लिहून ठेवल्या होत्या?" आणि देवापुढें सांजवात लावावयास उठून गेली. तिनें चार शब्द ऐकविले असते तर आम्हांस बरें वाटलें असतें.

त्यानंतर आम्हीं या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला. ज्या कंपनीवर आम्ही इतके संतापलों होतों तिनें काय केलें होतें? वाईतील एका वृद्ध बाईस काय हवें असेल, हें तिला न विचारतां ठरविलें. आणि आम्हीं काय केलें? त्याच बाईस काय नको असेल, हें तिला न विचारतां ठरविलें. ती आंत दहा पावलांवर पडली होती. 'अक्का, ही वही तुझी का?' एवढा एक प्रश्न विचारावयाचा होता. कंपनीनें लोभानें जें केलें तें आम्हीं मायेनें केलें, एवढाच काय तो फरक. आणि वहीच्या बाजूनें पाहिलें तर तोही फरक उरत नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक बोंचते. अक्काची झोंप उडविली होती ती सूचनांनीं. त्या सूचना बंद करणें हें दोन मिनिटांचें काम. आश्विनांत फडताळांतून फोन काढला त्याच दिवशीं तें झालें असतें, आणि तिच्या दृष्टीनें सारा प्रश्न तेथेंच मिटला असता. पुढची सफाई तिच्यासाठीं नव्हती. ती आमच्या नव्या विद्येच्या प्रदर्शनासाठीं होती.

म्हणून ज्या वाचकांच्या घरीं वडीलधाऱ्यांच्या हातीं असा फोन असेल त्यांस आमची विनंति आहे. फोन साफ करावयास बसाल तेव्हां ज्याचा फोन त्याला शेजारीं घेऊन बसा. एकेक चित्र दाखवून 'हें वापरतां का?' असें विचारा. कंटाळा करूं नका. पहिल्या दिवशीं फक्त सूचना बंद करा आणि आठ दिवस वाट पाहा. मग जें खरोखर नको ठरेल तें काढा. काढण्यापूर्वीं त्याच्या पोटांत कांहीं लिहिलेलें, ध्वनिमुद्रित केलेलें, साठविलेलें आहे का, तें उघडून पाहा. डिसेबल करतांनासुद्धां 'मूळ आवृत्ति बसविली जाईल, माहिती पुसली जाईल' असा इशारा कधीं कधीं येतो. तो शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. काय काढलें, काय बंद केलें, त्याची यादी कागदावर लिहून फोनच्या मालकापाशीं ठेवा. आणि तरुणांस एक निराळी सूचना: वडिलांस नवा फोन घेऊन द्याल तेव्हां तो खोक्यांतून तसाच त्यांच्या हातीं ठेवूं नका. पहिला अर्धा तास त्यांच्याजवळ बसण्यांत घालवा. तेवढें आमच्या भाच्यानें केलें असतें तर पुढचें पुष्कळ टळलें असतें, हें आम्हीं त्यालाही लिहिलें आहे. त्यानें तें मनास लावून घेतलें. मुलगा गुणी आहे.

फोन आतां फडताळांत नाहीं, अक्काच्या उशाशीं असतो. रोज सायंकाळीं सांजवात झाली कीं ती आम्हांस हांक मारते. आम्ही दोनशें पानी वही व टांक घेऊन तयार असतों. एखादे दिवशीं दोन ओव्या येतात, एखादे दिवशीं एकही येत नाहीं. मग आम्ही नुसतेच जुन्या गोष्टी बोलत बसतों. आमची सौभाग्यवती म्हणते, दोघां भावंडांचें इतकें बोलणें गेल्या वीस वर्षांत मिळून झालें नसेल. आजवर ३१ ओव्या वहींत उतरल्या आहेत. राहिलेल्या बारांपैकीं कांहीं येतील, कांहीं येणार नाहींत. परवां एका ओवीचा शेवटचा चरण अक्कानें दोन रीतींनीं म्हटला आणि म्हणाली, "यांतला आईचा कोणता, तें आतां नक्की सांगवत नाहीं रे. पिवळ्या वहींत बरोबर होता."

आम्हीं दोन्ही लिहून घेतले आहेत.